जनरल स्लिम: ब्रह्मदेशातला पराभव, इंफाळ आणि मधली दोन वर्षं

रानवाट (धागालेखक)

दुसऱ्या महायुद्धातले सेनापती म्हटलं की आपल्याकडे रोमेल, माँटगोमेरी, पॅटन, झुकॉव्ह यांच्यावर भरभरून लिहिलं जातं. ब्रिटिश सेनापती विल्यम स्लिमच्या हाताखाली लाखो हिंदी सैनिक लढले, त्याची निर्णायक लढाई मणिपूर आणि नागा टेकड्यांत झाली, तरी त्याच्याबद्दल मराठीत फार थोडं सापडतं. म्हणून हा धागा. सगळ्या लढाया क्रमाने सांगत बसणार नाही. १९४२ चा पराभव आणि १९४४ चा विजय यांच्यामध्ये त्याने जे केलं त्यावर लिहायचं आहे, कारण माझ्या मते त्याचं सेनापतीपण तिथेच घडलं.

घराणं लष्करी नव्हतं. १८९१ मध्ये ब्रिस्टॉलजवळ जन्म. वडिलांचा लोखंडी सामानाचा धंदा बसला आणि कुटुंब बर्मिंगहॅमला आलं. विद्यापीठात शिकण्याइतका पैसा नव्हता, त्यामुळे गरीब वस्तीतल्या शाळेत मास्तरकी आणि नंतर धातूच्या नळ्या बनवणाऱ्या कंपनीत कारकुनी केली. विद्यार्थी नसतानाही तो विद्यापीठाच्या अधिकारी प्रशिक्षण पथकात शिरला आणि १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच त्याला कमिशन मिळालं. गॅलिपोलीत जबर जखमी झाला, मेसोपोटेमियात पुन्हा जखमी झाला, मिलिटरी क्रॉस मिळवला. गॅलिपोलीत सहाव्या गुरखा रायफल्सची पहिली पलटण त्याने जवळून पाहिली होती. युद्ध संपल्यावर तो हिंदी सैन्यात आला आणि पुढे त्याच पलटणीत गेला. पगारात भागत नसे, तेव्हा अँथनी मिल्स या टोपणनावाने मासिकांत कथा लिहून तो भर घालत असे. त्याच्या आठवणींची भाषा इतकी स्वच्छ का, हे यावरून कळतं.

१९४० मध्ये सुदानच्या सरहद्दीवर गल्लाबात इथे त्याच्या ब्रिगेडला माघार घ्यावी लागली. इटालियन सैन्य त्या वेळी खिळखिळं झालं होतं, पुन्हा चाल करायला हवी होती आणि आपण भीतीचा सल्ला ऐकला, असं त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवलं. निवृत्त सेनापतींच्या लेखनात असं सहसा सापडत नाही.

आता १९४२. मार्चमध्ये स्लिमकडे बर्मा कोअर आली तेव्हा रंगून जपान्यांच्या हाती पडलं होतं. सित्तांग नदीवरचा पूल फेब्रुवारीतच उडवावा लागला होता, तोही सतराव्या डिव्हिजनचा मोठा भाग पलीकडच्या काठावर असताना. त्याच्या दोन्ही डिव्हिजनचे सेनापती, कोवन आणि ब्रूस स्कॉट, त्याच्याच गुरखा पलटणीतले जुने सोबती. हा निव्वळ योगायोग होता, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत त्याचा फार आधार झाला. येनानजाँगच्या तेलविहिरी स्वतःच्या हाताने उद्ध्वस्त करत, खांद्यावर जखमी घेऊन, सुमारे ९०० मैल मागे हटत हे सैन्य मे महिन्यात इंफाळला पोचलं. पावसाळा सुरू झाला होता. अंगावर चिंध्या होत्या, बहुतेकांना ताप होता, पण रायफल प्रत्येकाच्या हातात होती. इंफाळला या माणसांचं स्वागत फार थंड झालं. नीट निवाराही मिळाला नाही आणि हे पळपुटे आहेत असा वरिष्ठांचा सूर होता. स्लिमला त्याचा मनस्वी राग आला. कोअर बरखास्त झाली आणि तो निरोप घ्यायला गेला तेव्हा त्याच माणसांनी त्याचा जयजयकार केला. ज्यांना आपण फक्त पराभव दाखवला त्यांनी असं करावं, याने तो हलून गेला होता.

यापुढचं काम कुणाच्या डोळ्यांत भरणारं नव्हतं. जंगलात जपानी कुठूनही येतो, तो हरत नाही, ही दहशत सैन्यात पसरली होती. स्लिमने आधी गस्ती सुरू केल्या. लहान टोळ्या जंगलात जायच्या, एखाद्या जपानी चौकीवर छापा घालून परत यायच्या आणि आपल्या पलटणीत ती हकिगत सांगायच्या. पुढे छोट्या ठाण्यांवर हल्ले झाले, तेही मुद्दाम कितीतरी पट बळ घेऊन. बळाची उधळपट्टी होतेय अशी टीका झाली. त्याचं म्हणणं असं की या घटकेला आपल्याला एकही हार परवडत नाही. त्याने स्वयंपाकी, कारकून, सिग्नलवाले सगळ्यांना हत्यार चालवायला शिकवलं. शत्रू पिछाडीला आला तर वेढला गेलेला तोच आहे असं समजा, जागा सोडू नका, रसद आकाशातून येईल, असं तो एकेका पलटणीपुढे जीपवर उभा राहून सांगत असे. हिंदुस्थानी आणि गोरखाली त्याला चांगली येत होती. पुढच्या फळीचा शिधा अर्धा झाला की स्वतःच्या मुख्यालयाचा शिधाही तो अर्धा करायचा.

आकाशातून रसद टाकायला पॅराशूट लागतात आणि रेशमी पॅराशूट मिळत नव्हते. मग कलकत्त्याच्या तागगिरण्यांना विचारून तागाचे पॅराशूट बनवून घेतले. रेशमीचा खर्च वीस पौंडांवर, तागाच्याचा पौंडभर. माणूस त्याला लटकून उतरू शकत नव्हता, पण तांदूळ आणि दारूगोळा उतरत होता. हाच ताग डांबरात बुडवून त्याच्या अभियंत्यांनी १९४५ मध्ये चिखलाच्या रस्त्यांवर अंथरला आणि त्यावरून ट्रक नेले. हे सैन्य मित्रराष्ट्रांच्या रांगेत शेवटी उभं होतं, युरोपला पुरून उरेल ते त्याला मिळायचं. त्याबद्दल तक्रार करून वेळ घालवायचा नाही, असं स्लिमने सैन्याला बजावलं होतं.

प्रतिसादांत इंफाळ, कोहिमा आणि मेइक्टिलाबद्दल बोलू.

---

औषधवेल

सुंदर लेख. तुम्ही मलेरिया कसा सोडलात? माझ्या मते स्लिमचं सर्वात मोठं काम तेच.

१९४३ मध्ये लढाईत जखमी होऊन मागे आणलेल्या दर एका सैनिकामागे १२० जण आजारी पडून मागे येत होते. मलेरियाचं वार्षिक प्रमाण एकूण सैन्यसंख्येच्या ८४ टक्के होतं. त्याशिवाय आमांश, स्क्रब टायफस, त्वचारोग. आजारी माणूस शेकडो मैल मागे हिंदुस्थानात पाठवायचा, तो चार-पाच महिन्यांनी परतायचा किंवा परतायचाच नाही. असं सैन्य शत्रूने गोळी न झाडताही संपलं असतं.

उपाय दोन बाजूंनी झाले. आघाडीच्या मागे काही मैलांवरच तंबू-बांबूची मलेरिया उपचार केंद्रं उभी केली. ताप आल्यापासून २४ तासांत माणूस तिथे पोचायचा आणि थोड्याच आठवड्यांत आपल्या पलटणीत परतायचा. दुसरी बाजू शिस्तीची. संध्याकाळ झाली की बाह्या खाली, पूर्ण पँट, आणि रोज मेपाक्रिनची गोळी. या गोळीने कातडी पिवळी पडायची. तिने पुरुषत्व जातं अशी अफवाही होती, त्यामुळे सैनिक ती तोंडात धरून नंतर थुंकून टाकायचे.

स्लिमने अचानक तपासण्या लावल्या. अख्ख्या पलटणीची चाचणी व्हायची आणि ९५ टक्क्यांपेक्षा कमी लोकांच्या शरीरात औषध सापडलं तर कमांडिंग अधिकारी घरी. तीन अधिकाऱ्यांना काढल्यावर बाकीच्यांना आपोआप समज आली. दररोज हजारी १२ आजारी पडण्याचं प्रमाण १९४५ पर्यंत हजारी १ वर आलं.

सार्वजनिक आरोग्यात काम करताना मला हे वारंवार आठवतं. गोळी पुरेशी होती, ती पोटात जाते की नाही याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न होता. स्लिमने ती डॉक्टरांकडून काढून पलटणीच्या अधिकाऱ्यावर टाकली. डॉक्टर उपचार करेल, पण सैनिक आजारी पडला तर जाब पलटणीच्या अधिकाऱ्याने द्यायचा.

---

शिलेदार

वाचनखूण साठवली.

इंफाळचा विषय निघालाच आहे तर सांगशाकचं नाव आलंच पाहिजे. २० ते २६ मार्च १९४४. उख्रुलच्या दक्षिणेकडच्या एका टेकडीवर पन्नासावी हिंदी छत्रीधारी ब्रिगेड आणि तिच्या जोडीला पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण. समोर कोहिमाकडे निघालेल्या जपानी एकतिसाव्या डिव्हिजनची अठ्ठावन्नावी रेजिमेंट. टेकडीवर पाणी नाही, कठीण खडकात धड खंदक खणता येत नाहीत, काटेरी तार मिळालेली नाही. विमानातून टाकलेल्या रसदीतली बरीचशी शत्रूच्या हद्दीत पडत होती. तरी सहा दिवस टेकडी लढली. शेवटी रात्रीच्या अंधारात जंगलातून बाहेर पडायचा हुकूम आला.

मरण पावलेल्या एका जपानी अधिकाऱ्याजवळ नकाशा सापडला. त्यात अख्ख्या एकतिसाव्या डिव्हिजनची चाल होती. त्याची नक्कल शत्रूच्या वेढ्यातून इंफाळला पोचवली गेली. आणि या सहा दिवसांत कोहिमा आणि इंफाळ दोन्हीकडे कुमक आणायला उसंत मिळाली. ब्रिगेडच्या प्रमुखाला मात्र कौतुकाऐवजी दोष मिळाला आणि या लढाईला तिचं श्रेय फार उशिरा मिळालं. आपल्या मराठा पलटणीचं नाव यात आहे हे महाराष्ट्रात कितीजणांना माहीत आहे?

---

पायरी_पायरीने

शिलेदार, अंगावर काटा आला. सांगशाकवर स्वतंत्र धागा काढाच.

---

निळीशाई

लेख आवडला, माहितीही पक्की आहे. पण या धाग्यावर एक बाजू अजून आलेली नाही.

ज्या १९४३ मध्ये स्लिमची चौदावी आर्मी उभी राहत होती, त्याच वर्षी तिच्या पिछाडीला असलेल्या बंगालमध्ये माणसं रस्त्यावर भुकेने मरत होती. मृतांचा आकडा ३० लाखांपर्यंत सांगितला जातो. जपानी येतील म्हणून १९४२ मध्ये किनारपट्टीवरच्या होड्या काढून घेतल्या, तांदळाचे साठे हलवले. आणि इंफाळच्या समोरच्या बाजूला आझाद हिंद सेना होती. १४ एप्रिल १९४४ ला मोइरांगला तिरंगा फडकला. स्लिम कितीही चांगला माणूस असला तरी तो साम्राज्य वाचवायला लढत होता. त्याच्या सैन्यातले आपले लोक कोणासाठी मेले, हा प्रश्न टाळून त्याचं कौतुक करणं मला जड जातं.

---

रानवाट

@निळीशाई, प्रश्न टाळायचा नाहीच. दुष्काळाची धोरणं ठरली ती लंडन, दिल्ली आणि कलकत्त्यात. होड्या काढून घेतल्या तेव्हा स्लिम ब्रह्मदेशातून परतत होता. पण त्याच्या सैन्याची रसद त्याच प्रांतातून, त्याच रेल्वेने जात होती, हे खरं आहे आणि ते कोणत्याही लष्करी इतिहासात ठळकपणे यायला हवं.

आझाद हिंद सेनेबद्दल स्लिमचं मत तुच्छतेचं होतं, ते मला पटत नाही. तो तिला फक्त लढाईच्या तराजूत तोलतो आणि १९४५-४६ मध्ये लाल किल्ल्यातल्या खटल्यांनी देशात आणि सैन्यात काय घडवलं, ते त्या तराजूत मावत नाही. एक गोष्ट मात्र त्याने नोंदवली आहे: शरण येणाऱ्या आझाद हिंद सैनिकांवर आपलेच हिंदी आणि गुरखा जवान गोळ्या झाडत होते, तेव्हा त्यांना जरा मायेने सामोरे जा असा हुकूम त्याला काढावा लागला. दोन्हीकडे आपलीच माणसं होती, आणि मला दोघांबद्दलही आदर आहे.

साताऱ्या-रत्नागिरीहून गेलेला शिपाई साम्राज्यासाठी मेला की घरच्या पगारासाठी, पलटणीच्या अब्रूसाठी, शेजारच्या खंदकातल्या भावकीसाठी? मला वाटतं त्याला विचारलं असतं तर साम्राज्याचं नाव त्याच्या तोंडी शेवटी आलं असतं. ज्या सेनापतीने त्याच्या जिवाची, पोटाची, तापाची काळजी घेतली, त्याच्याबद्दल लिहिणं म्हणजे त्या शिपायाबद्दल लिहिणंच आहे.

---

निळीशाई

@रानवाट, भावकीचं म्हणणं पटलं. तुच्छतेबद्दल स्पष्ट लिहिलंत, बरं वाटलं. दुष्काळाबद्दल माझं मत तसंच आहे.

---

कृष्णाकाठ

इंफाळची लढाई वाचताना मला दरवेळी पानिपत आठवतं. जपानी सेनापती मुतागुची तीन डिव्हिजन, सुमारे ८५ हजार माणसं घेऊन निघाला तेव्हा बरोबर शिधा होता जेमतेम तीन आठवड्यांचा. बाकीचं इंफाळच्या कोठारांतून मिळणार हे गृहीत. सोबत गुरांचे कळप घेतले, त्यातली कितीतरी चिंदविन नदीत आणि डोंगरांत मेली. कोठारं हाती लागली नाहीत, पाऊस सुरू झाला, आणि सैनिक गवत-मुळं खायला लागले. १७६० च्या शेवटी पानिपतावर भाऊसाहेबांची रसद तुटली, आणि १४ जानेवारीला फौज उपाशी पोटी मैदानात उतरली ती मरायचंच तर लढून मरू म्हणून. सेनापती शूर होते, सैनिक शूर होते. पोट रिकामं होतं.

---

दर्यावर्दी

@कृष्णाकाठ, तुलना अर्धीच लागू पडते. भाऊसाहेबांची रसद शत्रूने तोडली, गोविंदपंत बुंदेल्यांना मारून तोडली. मुतागुचीची रसद कोणी तोडायच्या आधीच नव्हती. त्याच्या स्वतःच्या अधिकाऱ्यांनी त्याला हे सांगितलं होतं. लढाई चालू असताना त्याने तिन्ही डिव्हिजनच्या सेनापतींना काढून टाकलं. कोहिमासमोरच्या सातोने तर माझ्या माणसांना खायला नाही म्हणून हुकूम मोडून सैन्य मागे घेतलं.

आता स्लिमच्या चुका, कारण धाग्यात त्या अजून नीट आलेल्या नाहीत. त्याची योजना अशी: जपान्यांना चिंदविन ओलांडू द्यायची, आपण इंफाळच्या पठारावर मागे यायचं, म्हणजे लांबलेल्या वाटेचा ताण त्यांच्यावर आणि विमानतळ, रस्ता, तोफा आपल्याकडे. योजना उत्तम. पण सतराव्या डिव्हिजनला तिड्डिमहून मागे बोलावण्याचा क्षण त्याने खालच्या सेनापतींवर सोडला आणि हुकूम उशिरा गेला, त्यामुळे तिला वाटेतले जपानी अडथळे फोडत यावं लागलं. दुसरी चूक जास्त गंभीर. कोहिमाकडे त्या डोंगरांतून फार तर एक रेजिमेंट येऊ शकेल असा त्याचा अंदाज होता. आली अख्खी डिव्हिजन. कोहिमात लढणारी माणसं होती सुमारे दीड हजार, आणि त्यांनी ५ एप्रिलपासून दोन आठवडे, डेप्युटी कमिशनरच्या बंगल्याच्या टेनिस कोर्टाच्या दोन टोकांवरून हातबाँब फेकत, ती जागा राखली. सातोने कोहिमाला वळसा घालून दिमापूरचं रेल्वेस्थानक घेतलं असतं तर चौदाव्या आर्मीचा कणाच मोडला असता. त्याने ते केलं नाही, हे स्लिमचं नशीब. या दोन्ही चुका १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने स्वतःच्या नावावर मांडल्या आहेत.

सावरलं कसं, तर विमानांनी. चीनकडे जाणारी अमेरिकन वाहतूक विमानं मित्रराष्ट्रांचा सरसेनापती माउंटबॅटनने वळवून दिली आणि पाचवी डिव्हिजन ब्रह्मदेशच्या आराकान किनारपट्टीवरून तोफा-खेचरांसकट उचलून इंफाळ-कोहिमाकडे आणली. लढाईतून थेट लढाईत. २२ जून १९४४ ला इंफाळ आणि कोहिमाकडून निघालेल्या आपल्या तुकड्या रस्त्यावर १०९ व्या मैलाशी भेटल्या आणि इंफाळचा वेढा उठला.

१९४५ ची इरावदी नदीवरची चाल मला याहून मोठी वाटते. स्लिमला वाटलं होतं जपानी श्वेबोच्या मैदानात लढतील. जपानी सेनापती किमुरा इरावदीमागे सरकला. दुसरा कोणी ठरलेली योजनाच पुढे रेटत बसला असता. स्लिमने ती मोडून नवी केली. एक कोअर मंडालेसमोर दिसत राहील, दुसरी गुपचूप गांगाव खोऱ्यातून दक्षिणेला उतरेल. त्या दुसऱ्या कोअरचं खोटं मुख्यालय मागेच ठेवलं, तिथून रेडिओ संदेश चालू ठेवले, खऱ्या कोअरने तोंडातून शब्द काढला नाही. १४ फेब्रुवारीला पगानजवळ नदी ओलांडली, ३ मार्चला कोवनच्या सतराव्या डिव्हिजनने रणगाड्यांसह मेइक्टिला घेतलं. जपान्यांची सगळी कोठारं, विमानतळ तिथे. मंडाले २० मार्चला पडलं. हीच सतरावी डिव्हिजन १९४२ मध्ये सित्तांगच्या काठावर फुटली होती.

---

औषधवेल

दर्यावर्दी, शेवटचं वाक्य वाचून थांबले. हे मला माहीत नव्हतं.

---

टाचण

दोन मुद्दे.

एक, हिंदी अधिकाऱ्यांबद्दल. जानेवारी १९४५ मध्ये आराकानमधल्या कांगॉच्या लढाईत एकावन्नाव्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी हिंदी अधिकाऱ्यांच्या हाती होत्या: थिमय्या, एल. पी. सेन आणि आपल्या कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. तिघांनाही डीएसओ हे ब्रिटिश लष्करी पदक मिळालं. थिमय्या पुढे लष्करप्रमुख झाले, थोरात पूर्व विभागाचे सेनापती. आराकानची ही कोअर तोपर्यंत स्लिमकडून काढून थेट वरच्या मुख्यालयाखाली दिली होती, त्यामुळे हे यश थेट स्लिमच्या खात्यात टाकता येणार नाही. पण तिची जडणघडण त्याच्या काळातली.

दोन, स्लिमच्या नंतरच्या आयुष्यातलंही सगळं उजळ नाही. १९५३ ते १९६० तो ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर जनरल होता. ब्रिटनमधून पाठवलेल्या मुलांच्या तिथल्या एका शेतीशाळेतल्या माजी विद्यार्थ्यांनी, तो भेटीला आला असताना आपल्याशी गैरवर्तन केलं असे आरोप त्याच्या मृत्यूनंतर अनेक वर्षांनी केले. न्यायालयात त्यांची शहानिशा झालेली नाही, पण कॅनबेरातल्या एका रस्त्याला दिलेलं त्याचं नाव पुढे काढण्यात आलं. धागा त्याच्या आयुष्यावर आहे, तेव्हा हे नोंदवणं भाग आहे.

---

रानवाट

@टाचण, दुसरा मुद्दा लिहिलात ते योग्य केलंत. त्या मुलांचं म्हणणं रणांगणावरच्या कामगिरीच्या आड दडवू नये.

@दर्यावर्दी, मेइक्टिलाबद्दल तुमच्याइतकं नेमकं मला लिहिता आलं नसतं. त्यानंतरचं थोडं: पावसाच्या आत रंगून गाठायची शर्यत होती. स्लिमचं सैन्य उत्तरेकडून रस्ता मारत येत होतं आणि २ मे ला समुद्रातून दुसरं सैन्य उतरलं. जपानी आधीच शहर सोडून गेले होते. आणि विजयाला आठवडाही उलटला नव्हता तोच वरिष्ठ सेनापती लीझने स्लिमला चौदाव्या आर्मीवरून दूर करायचं ठरवलं, दमलाय म्हणून. बातमी फुटली आणि सैन्यात इतका संताप झाला की निर्णय फिरवावा लागला. शेवटी लीझच गेला आणि त्याच्या जागी स्लिम बसला. १९४३ मध्येही असंच घडलं होतं: आराकानच्या अपयशाचं खापर त्याच्यावर फोडून तेव्हाचा वरिष्ठ सेनापती आयर्विन त्याला काढायला निघाला होता आणि गेला स्वतः आयर्विन. दोन्ही वेळा स्लिमने वर तक्रार केली नाही की वर्तमानपत्रांकडे गेला नाही.

@शिलेदार, सांगशाकचा धागा तुम्हीच काढा. चौथ्या मराठा पलटणीबद्दल तुमच्याकडे जे आहे ते सगळं टाका, नकाशा मी काढून देतो. ज्यांच्या घरी त्या पलटणीतल्या कुणाची पदकं, पत्रं, पेन्शनची कागदपत्रं असतील त्यांनी शिलेदारांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करावा.

---

शिलेदार

काढतो. टेकडीच्या उत्तरेकडच्या टोकाला जिथे चर्च होतं, तिथून सुरुवात करतो, कारण सगळ्यात घनघोर लढाई त्या जागेसाठी झाली.